बॉनेटवर तारा, डॅशबोर्डवर झाकणे

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दीडशे मर्सिडीज गाड्यांची एकदम खरेदी झाली. डॉक्टर, उद्योजक, बिल्डर, व्यापारी अशी मंडळी एकत्र आली आणि भाजीबाजारात करावी तशी घासाघीस करून त्यांनी हा सौदा पक्का केला. एकूण रक्कम होती सुमारे ६५ कोटी रुपये. स्टेट बँकेने ७ टक्के दराने कर्जही दिले. देशभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी गाजली. हिशेब केला, तर गाडीमागे सरासरी ४३ लाख रुपये पडतात.

त्या सौद्याने कंपन्यांना एक गोष्ट कळली. बॉनेटवरच्या त्या तीन टोकांच्या ताऱ्याची तहान फक्त मलबार हिल आणि दक्षिण दिल्लीपुरती नाही. ती मराठवाड्यातही आहे, खानदेशातही आहे. अडचण एकच होती. ४३ लाख सगळ्यांच्या आवाक्यातले नव्हते. मग तारा स्वस्त कसा करायचा?

२०१३ हे वर्ष त्याचे उत्तर घेऊन आले. मे महिन्यात मर्सिडीजने ए-क्लास ही छोटी गाडी २२ लाखांच्या आत आणली. सप्टेंबरमध्ये बीएमडब्ल्यूची वन सिरीज २१ लाखांच्या आत आली. या दोहोंच्या मध्ये, ऑगस्टमध्ये, आउडीने क्यू-थ्रीची ‘एस’ आवृत्ती काढली आणि किंमत ठेवली २५ लाखांना फक्त हजार रुपये कमी. थोडक्यात, बाटाच्या चपलेचा भाव गाडीला! आता एवढी किंमत खाली आली, ती कशाच्या जोरावर? त्या ‘एस’मध्ये चारही चाकांना मिळणारी ताकद काढून पुढच्या दोनच चाकांवर आणली होती आणि ऑटोमॅटिकच्या जागी सहा गिअरचा हाताने टाकायचा दांडा होता. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नव्हते. पुढच्या जाळीवरची चार वर्तुळे जशीच्या तशी होती.

आलिशान गाडीच्या पहिल्या पायरीचे रहस्य नेमके येथे आहे. बाहेरून दिसणाऱ्या गोष्टीला सहसा हात लावायचा नाही. हाताला रोज लागणारी गोष्ट काढून घ्यायची. शेजाऱ्याला तारा दिसतो, आणि गैरसोय फक्त मालकाला कळते.

चावीचेच उदाहरण घ्या. आजकाल दहा-बारा लाखांच्या कितीतरी गाड्यांत चावी खिशात असली, की दाराच्या मुठीला हात लावून किंवा तिच्यावरचे बटण दाबून दार उघडते आणि आत बसल्यावर बटण दाबून इंजिन सुरू होते. या दोन वेगळ्या सोयी आहेत, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, कारण साध्या गाड्यांत त्या बहुधा जोडीनेच येतात. जर्मन कंपन्यांनी मात्र त्यांची फारकत केली. इंजिन सुरू करण्याचे बटण सर्वांना दिले, कारण ते शोरूममध्ये चमकते. दार आपोआप उघडण्याची सोय वेगळी ठेवली. बीएमडब्ल्यू तिला ‘कम्फर्ट अ‍ॅक्सेस’ म्हणते, मर्सिडीज ‘कीलेस-गो’ म्हणते. आणि बराच काळ ती वरच्या प्रकारात किंवा जादा पैसे मोजूनच मिळत आली. म्हणजे मालकाने आधी खिशातून चावी काढायची, बटण दाबून दार उघडायचे, चावी पुन्हा खिशात टाकायची आणि मग चावी न लागणाऱ्या गाडीत बसून ती सुरू करायची!

दुसरी खूण म्हणजे झाकणे. गिअरच्या दांड्याभोवती किंवा दाराच्या आतल्या बाजूला बटणांची एक रांग असते. स्वस्त प्रकारात त्या रांगेतली दोन-तीन बटणे कोरी निघतात. त्यांवर ना अक्षर, ना चित्र. दाबली तर आत जात नाहीत. वरच्या प्रकारात त्याच जागी सीटची आठवण ठेवणारे किंवा कॅमेऱ्याचे बटण असते. साचा एकच, म्हणून भोक सगळ्या गाड्यांना पडते आणि ज्याने कमी पैसे दिले त्याच्या भोकावर झाकण बसते. गाडी जितकी वर्षे दारात उभी राहते, तितकी वर्षे ते झाकण मालकाकडे बघत राहते.

कातड्याचीही तीच गंमत. ‘आर्टिको’, ‘सेन्सॅटेक’ ही नावे ऐकली, की इटलीतल्या एखाद्या कातडी कमावणाऱ्या गावाची आठवण व्हावी. प्रत्यक्षात हे कृत्रिम कातडे आहे; पहिले मर्सिडीजचे, दुसरे बीएमडब्ल्यूचे. त्यात वाईट काही नाही. ते टिकाऊ असते, पोरांनी सांडलेला आमरस ओल्या फडक्याने निघतो, खऱ्या कातड्यासारखे त्याला जपावे लागत नाही. पण मग ते सरळ रेक्झिनचे नातलग म्हणून सांगावे.

समजा, नागपूरचे एक डॉक्टर जोडपे आहे. मे महिना, पारा ४४ वर. दोघांची मिळून वीस वर्षांची प्रॅक्टिस, मुलगी दहावीला, घरात गुडघ्याचे दुखणे असलेली आई. शोरूममध्ये ज्या गाडीतून फेरफटका मारला, ती अर्थातच सगळ्यांत वरच्या प्रकारातली होती. फेरफटक्याच्या गाड्या बहुधा तशाच असतात. बुक केली मात्र खालची, कारण तीच बजेटात बसत होती. डिलिव्हरीच्या दिवशी नारळ फुटला, हार पडला, लाल कापड ओढून फोटो निघाले. आठवड्याने बाईसाहेब दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गाडीपाशी आल्या आणि दार उघडेना.

“अहो, आपल्या जुन्या गाडीला नुसता हात लावला की उघडायची ना?”

“अगं, चावी पर्समधून काढ. याला ते नाहीये.”

“नाहीये म्हणजे? त्या दिवशी चालवली तिला तर होतं!”

“ती टॉप मॉडेल होती.”

असे ‘ती टॉप मॉडेल होती’ हे वाक्य पुढच्या महिनाभरात त्या घरात निदान दहा वेळा उच्चारले जाईल. नवरा पाच फूट अकरा, बायको पाच फूट एक. सीट आणि आरसे कुणाचे कुठे होते हे लक्षात ठेवणारी यंत्रणा नाही, म्हणून रोज सकाळी दवाखान्याला जाताना दोघांपैकी एकाला सीट पुढे-मागे, वर-खाली करावी लागते. डिकीचे दार हाताने उघडायचे, हाताने लावायचे. आणि सर्वांत मोठा प्रश्न बसण्याचा. मेमध्ये दुपारी उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतले कृत्रिम कातडे पाठीला चटका देते. सीटच्या आतून थंड हवा खेळवणारे पंखे या गाडीला नाहीत. जुन्या बारा-चौदा लाखांच्या गाडीला ते होते! आईंचे म्हणणे तर आणखी साधे. “गाडी छान आहे रे, पण मला खड्ड्यात बसल्यासारखं वाटतं. उठताना तुझा हात लागतो.”

आईंची तक्रार कुठल्याच यादीत नसते. पहिल्या पायरीच्या सेडान गाड्या बुटक्या असतात, छत मागच्या बाजूला उतरते, मागची सीट खाली असते. युरोपात अशी गाडी तरुण, एकटा किंवा दुकटा माणूस घेतो. मागची सीट कोट टाकायला. आपल्याकडे ती कुटुंबाची एकमेव मोठी खरेदी असते आणि मागे घरातली सर्वांत मानाची माणसे बसतात.

हे इतके खटकते, कारण दरम्यान साध्या गाड्या कुठल्या कुठे पोहोचल्या आहेत. २०१७ मध्ये ह्युंदाईने व्हर्नामध्ये हवा खेळवणाऱ्या सीटा दिल्या. २०१९ मध्ये आलेल्या किया सेल्टॉसच्या वरच्या प्रकारात त्या सीटा, चारी बाजू दाखवणारा कॅमेरा आणि बोसचे आठ स्पीकर असा सगळा थाट होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर मारुतीने कमाल केली. बलेनोच्या सर्वांत वरच्या प्रकारात चारी बाजूंचा कॅमेरा आणि चालकाच्या नजरेसमोर वेगाचा आकडा उमटवणारा पडदा दिला, तोही दहा लाखांच्या आत, एक्स-शोरूम. त्याच सुमारास चाळीस लाखांच्या घरातल्या काही जर्मन सेडानना फक्त मागचे दाखवणारा एकच कॅमेरा होता. २०२३ च्या सप्टेंबरात टाटांनी नेक्सॉनलाही हवेच्या सीटा आणि चौफेर कॅमेरा दिला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही नेक्सॉन त्या जर्मन गाडीच्या शेजारी उभी राहते, आणि सोयींच्या बाबतीत आपण धाकटे आहोत की थोरले हे तिचे तिलाच कळत नसेल.

मग या कंपन्या इतक्या कंजूष का? त्याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते.

जर्मनीत मर्सिडीज ही मुळात फक्त श्रीमंतांची गाडी नव्हतीच. तिथल्या टॅक्स्या मर्सिडीजच्या. १९७६ ते १९८५ या काळातली डब्ल्यू-१२३ ही गाडी फिकट हस्तिदंती रंगात, टॅक्सी म्हणून, लाखो किलोमीटर धावली. तिच्या काचा हाताने फिरवायच्या, सीटा प्लास्टिकच्या. १९८२ च्या डिसेंबरात ‘१९०’ ही छोटी मर्सिडीज आली, तिच्याही साध्या आवृत्तीत काचा वर-खाली करायला हँडलच होते. पण लोखंड जाड, दार बंद होतानाचा आवाज तिजोरीसारखा, आणि मागच्या चाकांना पाच दांड्यांची अशी रचना, की इतर कंपन्या ती खोलून बघत बसल्या. पैसे घेतले जायचे ते यंत्राचे. सोयी हव्या असतील, तर लांबलचक यादीतून एकेक निवडायची आणि तिचे वेगळे पैसे द्यायचे. कुणाला रेडिओ नको असेल, तर त्याने रेडिओचे पैसे का द्यावेत? जर्मन माणसाला हे न्याय्य वाटे, आणि ते होतेही.

भारतात हा न्याय अर्धाच पोहोचला. पूर्ण बनून परदेशातून आलेल्या गाडीवर इतका कर बसतो, की तिची किंमत जवळजवळ दुप्पट होते. म्हणून सुटे भाग संचाने आणून येथे जोडणी करायची, त्यावर कर फारच कमी. महाराष्ट्राला हे सांगायला नको. मर्सिडीजची जोडणी १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात सुरू झाली आणि २००९ मध्ये चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात गेली. आउडी औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जोडल्या जातात. पण संचाने भाग आणायचे, तर प्रकार दोन-तीनच ठेवावे लागतात. म्युनिकमधला गिऱ्हाईक म्हणतो, मला कातडे नको, पण दाराची चावी हवी. त्याला ते मिळते, थोडे थांबावे लागते इतकेच. नागपूरच्या गिऱ्हाइकाला सांगितले जाते, चावी हवी असेल तर वरचा प्रकार घ्या. त्यात छताची काच, मोठी चाके आणि आणखी पाच गोष्टी येतील, त्या नको असल्या तरी. जर्मनीत जी निवड होती, ती आपल्याकडे शिडी झाली.

आणि शिडीला खालची पायरी लागतेच. एखाद्या गाडीची ‘किंमत अमुक लाखांपासून सुरू’ अशी जाहिरात असते, तो आकडा खालच्या प्रकाराचा असतो आणि चित्र वरच्या प्रकाराचे. गिऱ्हाईक आकडा पाहून आत येते. आत आल्यावर विक्रेता आदबीने म्हणतो, “मॅडम, तो पर्याय टॉप-एंडमध्ये येतो. फरक फक्त सहा लाखांचा. हप्त्यात काहीच नाही.” शिवाय कंपनीला आपलीच वरची गाडीही सांभाळायची असते. धाकट्या गाडीत सगळे दिले, तर थोरली सी-क्लास किंवा थ्री सिरीज कोण घेणार? म्हणजे सोय महाग असते म्हणून काढलेली नसते. चौफेर कॅमेऱ्याचा खर्च मारुतीला परवडला, तो मर्सिडीजला परवडत नाही असे थोडेच आहे!

‘हप्त्यात काहीच नाही’ या बोलाचाही हिशेब मांडून पाहावा. ४० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षे मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६४,३५० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १४ लाख. त्यात सहा लाख वाढवले, की हप्ता आणखी ९,६५० रुपयांनी फुगतो. मुलीच्या शिकवणीची फी त्यातून निघाली असती. शिवाय एक्स-शोरूम किमतीतच मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी दडलेला असतो; सप्टेंबर २०२५ पासून तो सरसकट ४० टक्के आहे. त्यावर आरटीओचा कर आणि विमा. किंमत वाढली की हे दोन्हीही वाढतात, आणि विक्रेत्याच्या सहा लाखांत ते धरलेले नसतात.

आता दुसरी बाजू. पहिल्या पायरीची जर्मन गाडी केवळ ताऱ्यासाठी घेतली जाते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने जाताना ती जशी रस्त्याला धरून बसते, ब्रेक दाबल्यावर जशी सरळ थांबते, आत जसा आवाज येत नाही, ते अनुभवलेला माणूस हवेच्या सीटा विसरतो. दहा वर्षांनी तिचे दार तसेच बंद होते. हे बटणांच्या यादीत मोजता येत नाही, आणि ज्याला गाडी चालवायची आवड आहे त्याने ते मोजूही नये. पण कात्री येथेही पोहोचली आहे, हे माहीत असावे. २०१८ मध्ये युरोपात आलेल्या नव्या ए-क्लासच्या कमी ताकदीच्या आवृत्त्यांना मागे अनेक दांड्यांची रचना नव्हती; स्वस्त गाड्यांना असतो तसा एकच आडवा तुळईसारखा भाग होता. तिच्या ‘ए-१८० डी’चे दीड लिटरचे डिझेल इंजिन मुळात रेनॉच्या घराण्यातले, म्हणजे आपल्या डस्टरचे चुलतभावंड. इंजिन उत्तम, यात शंका नाही. पण ‘१९०’च्या काळातला तो जुना सौदा, की काचा हाताने फिरवा आणि त्याबदल्यात यंत्र मात्र अव्वल घ्या, तो आता तसा उरलेला नाही.

सगळ्यांत मोठी गायब वस्तू मात्र डिकीत असते. किंवा नसते! बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षे ‘रन-फ्लॅट’ टायर वापरले. या टायरच्या बाजू इतक्या कडक असतात, की हवा गेली तरी ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येते. मग जादा चाक कशाला? जर्मनीत हे पटते. ८० किलोमीटरच्या आत एखादे टायरचे दुकान हमखास येते. आता गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. रात्रीची वेळ, खड्ड्याच्या धारेने टायरची बाजू चिरली. पंक्चर काढणारा भला माणूस ट्रकच्या टपरीवर भेटेलही, पण बाजू चिरलेला रन-फ्लॅट तो काय करणार? तो टायर त्याच मापाचा नवाच घ्यावा लागतो, साध्यापेक्षा महाग पडतो, आणि छोट्या गावात मिळत नाही. शिवाय बाजू कडक, म्हणून खड्डा कमरेपर्यंत पोहोचतो तो वेगळाच.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनाला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल, तर जादा चाक बाळगण्याची सक्ती उरली नाही. तेव्हापासून चाक न देणे कायदेशीर झाले. ज्या आलिशान गाड्या चाक देतात, त्यांतल्या कित्येकांना ते ठेवायला खड्डाच नसतो, कारण गाडीची आखणी करताना तो विचारात घेतलेला नव्हता. मग बारीक चाक पट्ट्याने बांधून डिकीत वरच आडवे पडलेले असते आणि लग्नाला निघालेल्या कुटुंबाने बॅगा मांडीवर घ्यायच्या. ज्यांचे जाणे-येणे शहराबाहेर जास्त, गावी घर, शेती, आडवाटेचे देवस्थान, त्यांनी सीट आणि कॅमेरा पुढे-मागे करावा; चाकाचा प्रश्न मात्र सर्वांत आधी विचारावा.

शोरूममध्ये जाताना घरातले सगळेच गेलेले बरे. आईंना मागच्या सीटवर बसवावे आणि त्यांचे त्यांना उठू द्यावे. घरातल्या सर्वांत बुटक्या आणि सर्वांत उंच माणसाने पाळीपाळीने चालकाच्या जागी बसावे. ज्या प्रकाराचे पैसे द्यायचे, नेमक्या त्याच प्रकारातून फेरफटका मागावा. विक्रेता म्हणेल, तो आत्ता नाही. मग तो येईपर्यंत बयाणा देऊ नये. दार चावी खिशात ठेवून उघडते का, ते स्वतः करून पाहावे. बटणांच्या रांगेत झाकणे किती, ती मोजावीत.

माहितीपत्रक हाती आले, की चित्रे सोडून शेवटचे पान उघडावे. तेथे बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. भरीव ठिपका म्हणजे वस्तू मिळते, पोकळ ठिपका म्हणजे जादा पैशांनी मिळते, आडवी रेघ म्हणजे मिळतच नाही. बहुतेक कंपन्यांची हीच लिपी. त्याखाली आणखी बारीक अक्षरांत असे लिहिलेले असते, की चित्रातल्या सगळ्या गोष्टी गाडीबरोबर येतीलच असे नाही. या एका ओळीमुळे नंतरची निम्मी भांडणे गिऱ्हाईक हरते. म्हणून विक्रेत्याने तोंडी जे जे कबूल केले, ते प्रकाराच्या पूर्ण नावासह कोटेशनवर लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे. मात्र मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तरच तक्रार जिल्हा आयोगात चालते; त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे जावे लागते. आलिशान गाडी घेणाऱ्याला न्यायही जरा दूरचा पडतो!

नसलेली सोय बाहेरून बसवून घेण्याचा मोह होतो. करोल बागेपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत कॅमेरे आणि पडदे बसवणारे कसबी कारागीर आहेत. पण या गाड्यांच्या तारा एकमेकींशी बोलतात. एक तार कापली, की कंपनीच्या कार्यशाळेत वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. सीटची गादी किंवा मोबाइलचा धारक यापलीकडे जाऊ नये. ज्याला सोयीही हव्यात आणि ताराही, त्याने तीन-चार वर्षे वापरलेली, कंपनीनेच तपासून विकलेली एक पायरी वरची गाडी पाहावी. पहिल्या मालकाने घसाऱ्याचा मोठा वाटा सोसलेला असतो. फक्त देखभालीचा खर्च मोठ्या गाडीचाच येतो, हे विसरून चालणार नाही.

गेल्या काही वर्षांत या शिडीला एक नवीच पायरी जोडली गेली आहे. वस्तू गाडीत बसवायची, पण कुलूपबंद ठेवायची! अमेरिकेत बीएमडब्ल्यू आयफोन गाडीच्या पडद्यावर दिसू देण्यासाठी वर्षाला ८० डॉलर मागत असे. ओरड झाल्यावर २०१९ च्या डिसेंबरात तिने ते सोडले. २०२१ मध्ये मर्सिडीजने जर्मनीत ईक्यूएस या विजेच्या गाडीची मागची चाके दहा अंशांपर्यंत वळवण्यासाठी वर्षाला ४८९ युरो लावले. गाडीत यंत्रणा होतीच, ती साडेचार अंशांवर अडवलेली होती. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने ब्रिटनसह काही देशांत सीट गरम करण्यासाठी महिना पद्धतीने पैसे मागितले. ब्रिटनमध्ये ते १५ पौंड होते. सीटच्या पोटात तार आधीच बसवलेली, गिऱ्हाईक तिचे वजन रोज वाहते आहे, आणि ऊब हवी तर भाडे द्या. लोक इतके चिडले, की सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने ही योजना गुंडाळली. सीट गरम करण्याचे भाडे नागपूरकराने कधी दिले नसतेच म्हणा! पण थंड हवेचे मागितले तर?

वापरलेली गाडी घेणाऱ्याने तर आता हेही विचारायला हवे, की या सोयी गाडीच्या नावावर आहेत की पहिल्या मालकाच्या. २०१९ मध्ये अमेरिकेत एकाने डीलरकडून वापरलेली टेस्ला मॉडेल एस विकत घेतली. विकताना तिच्यात ऑटोपायलटची जादा सोय दाखवलेली होती. टेस्लाने ती दुरूनच, गाडीला हात न लावता, काढून घेतली. त्याने त्या सोयीचे पैसे भरलेले नाहीत, असे कारण दिले. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे ती परत मिळाली.